कवाड तर लावलं होतं

दुपारी 4.00 (बारा तास आधी)

पौषात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. मालदांडीचं ताट सात-आठ फूट, कणसात दूध भरलेलं, पंधरा दिवसांत हुरडा. आमच्या वस्तीला तिन्ही बाजूंनी हीच ज्वारी होती आणि तिची शेवटची ओळ कोंबड्यांच्या खुराड्यापासून तीन पावलांवर होती. त्या दुपारी मी तिथंच उभी राहून कणसं पाहत होते. ती तीन पावलं माझ्या ध्यानातही आली नाहीत.

आम्ही कार्तिकात पुण्याहून इथं राहायला आलो. सासऱ्यांच्या मागं रान वाट्यानं दिलेलं होतं. ते आता आपण करायचं, दारात दोन शेळ्या आणि कोंबड्या असाव्यात, एवढंच ठरलेलं. 25 तलंगा आणि 3 कोंबडे आणले, पशुसंवर्धन खात्याच्या तलंगा गटात असतात तेवढेच. खुराडं मी पसंत केलं. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर निळा पत्रा, चारी बाजूंना षट्कोनी घरांची मुर्गा जाळी, अंडी काढायला बाहेरून उघडणारी पेटी आणि पुढं रंगवलेलं कवाड. वारा खेळतो का, झाडायला सोपं आहे का, अंडी काढताना वाकावं लागतं का, सगळं विचारलं. टेम्पोतून उतरवलं आणि अंगणाच्या कडेला थेट मातीवर ठेवलं.

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याच्याभोवती एक चक्कर मारली. म्हणाल्या, "घर झ्याक हाय गं. पर ह्येला बूड कुठं हाय?"

बूड नकोच आत्या, असं मी सांगितलं. कोंबड्यांना माती उकरायला मिळते, घाण मातीतच जिरते. त्या पुढं काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी 5.30

पाखरं खुराड्याकडं वळावीत म्हणून मी रोज या वेळी आत दोन ओंजळी ज्वारी पसरायची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ज्वारीचं कोठार हे नाव गावाला त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. दुष्काळात दामाजीपंतांनी कोठारं उघडली ती गोष्ट इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. कोठाराच्या गावात उंदीर-घुशींचंही पिढ्यान्‌पिढ्यांचं बस्तान असतं, हे मात्र मला कळायचं होतं. कोंबड्यांनी टिपून उरलेला दाणा रात्री उंदीर न्यायचे. मागच्या अँगलखाली त्यांनी बीळ पाडलेलं मला आठवड्यापूर्वी दिसलं होतं. त्यावर मी एक वीट ठेवली होती.

उंदराचा वास ज्यांना ओढून आणतो त्यांचा विचार केला नाही. उंदीर हे कोल्ह्याचं, रानमांजराचं रोजचं अन्न. रानात उंदीर शोधत फिरणाऱ्या जनावराला मी खुराड्यापर्यंत वाट दाखवत होते.

संध्याकाळी 6.20

दिवस बुडाला. घार, शिक्रा आणि मुंगूस ही दिवसाची भीती. तिला कोंबडे आणि आत्यांची काठी पुरत होती. दिवस मावळला की आपण सुटलो असं मला वाटायचं.

कोंबड्या आपल्या पायांनी आत गेल्या. दांडीवर वरची जागा मिळवायला थोडी झटापट झाली आणि मग कुजबुज कमी होत गेली. 27 मोजल्या. एक बांडी तलंग रोजच्यासारखी बाभळीच्या फांदीवर चढून बसलेली. मी शिडी लावून तिला उतरवलं. पिसांखाली तिचं अंग गरम होतं आणि काळीज माझ्या तळहाताला लागत होतं. आत ठेवली, कवाड ओढलं, खिट्टी सरकवली. 28.

खिट्टी नीट बसेना. कार्तिकात ती आपोआप बसायची. मी कवाड जरा उचलून धरलं, मग बसली. लोखंड थंडीनं आखडलं असेल, असं मनात आलं.

खरं कारण जमिनीत होतं. काळी माती ओलीनं फुगते आणि वाळली की आकसते. रब्बीची ज्वारी पावसाच्या साठलेल्या ओलीवरच वाढते. ती ओल ओसरू लागली की रानाला भेगा पडतात आणि त्या बुजवायलाही लोक कोळपणी धरतात. माझ्या खुराड्याखालची जमीनही दोन महिन्यांत आकसली होती. मागचा एक कोपरा खचला, सांगाडा तिरका झाला, म्हणून पुढची खिट्टी अडत होती. खचलेल्या कोपऱ्याच्या शेजारी अँगल आणि माती यांत चार बोटं फट पडलेली. वीट ठेवली तो दिवस सोडला तर मी रोज समोरून जायची, समोरून परतायची.

संध्याकाळी 7.45

ओढ्याच्या बाजूनं कोल्हेकुई झाली. एकानं सूर लावला, दुसऱ्यानं उचलला, मग तीन-चार मिळून. ती ऐकायला मला आवडायची. पुण्यात असं काही कानावर पडत नव्हतं. कुत्रा दोनदा भुंकून गप्प झाला.

आत्या भाकरी थापताना म्हणाल्या, "आज लई जवळ हायती."

रात्री 10.00 (सहा तास आधी)

शेतीच्या विजेची आमची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, दहा ते सहा. लाइट आली, विहिरीवरची मोटर सुरू झाली. नवरा बॅटरी, खोरं आणि कुत्रा घेऊन खालच्या तुकड्यात गेला. कुत्रा नेहमीच त्याच्याबरोबर जायचा आणि त्यात गैर काही नव्हतं. रात्री दारं धरणाऱ्याला सापाची, रानडुकराची भीती असते. पण अंगणात राखणीला कोणी उरलं नाही.

रात्री 11.40

पाणी पाटानं लसूणघासाच्या वाफ्यात आलं. हा पाट खुराड्याच्या मागून जातो.

रात्री 1.00

या तासाचं पुढं लिहिलेलं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. सकाळी ओल्या मातीत जे उमटलेलं होतं त्यावरून जुळवलं आहे.

जनावर ज्वारीतून बाहेर आलं आणि आधी नुसतं फिरलं. खुराड्याला पूर्ण एक फेरा, मग अर्धा. उत्तरेच्या बाजूला थांबून त्यानं जाळी ओढून पाहिली. तिथं तारेची घरं लांबट झाली होती आणि एका घरात राखाडी-तांबूस केस अडकलेले होते.

मुर्गा जाळीबद्दल इथं थांबून सांगते, कारण नवीन वस्तीवाला सगळ्यात जास्त इथंच फसतो. ही जाळी बारीक तारेला पीळ घालून विणलेली असते. कोंबडीला आत ठेवायला ती पुरते. बाहेरच्या जनावराला अडवणं हे तिचं कामच नाही. कुत्रं दातानं ती फाडतं. घरं मोठी असल्यानं रानमांजर पंजा आत घालून दांडीवरची कोंबडी जाळीकडं ओढतं आणि सकाळी मुंडकं नसलेली कोंबडी सापडते. अडवायची असेल तर वेल्डमेश लागते: प्रत्येक जोडावर डाग दिलेली, जाड तारेची, अर्ध्या इंचाच्या घरांची. त्या घरातून मोठा उंदीर जात नाही. दोन्ही जाळ्या हार्डवेअरच्या दुकानात शेजारी-शेजारी उभ्या असतात. भावातला फरक पाहून माणूस पहिली उचलतो. तयार खुराडं विकत घेतलं, तेव्हा त्याला कोणती लावली आहे हे मी विचारलं नव्हतं.

जाळी त्या फेरीत टिकली. जनावर परत ज्वारीत गेलं असावं.

रात्री 2.30 (दीड तास आधी)

मी जागी झाले. एक कोंबडी बोलली होती. दिवसाचं ते खणखणीत ओरडणं नव्हतं. दबलेलं, घशातलं, लांबवलेलं. दोनदा.

मी गोधडीत तशीच पडून राहिले. बाहेर कडाक्याची थंडी. अमावास्या दोन दिवसांवर, नुसता काळोख. कवाड लावलेलं आहे, मी स्वतः लावलं आहे, असं मनाशी म्हटलं. दांडीवरून एखादी घसरली असेल. मोटरचा घरघर आवाज येत होता, त्यात झोप लागली.

त्या वेळी उठून बॅटरीचा एक झोत मागच्या बाजूला टाकला असता तर? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला त्याची मोजदाद नाही. कोंबडी रात्री उगाच बोलत नाही. अंधारात तिला फारसं दिसत नाही, म्हणून ती गप्प राहून जीव सांभाळते. तिनं तोंड उघडलं याचा अर्थ तिच्या पायाखाली काहीतरी होतं.

पहाटे 3.15

पाट फुटला. फार नाही, वीतभर. घासाच्या वाफ्यात जायचं पाणी खुराड्याच्या मागच्या कोपऱ्याशी साचत राहिलं. वाळलेली काळी माती विटेसारखी असते, तिच्यात कुदळ उडते. तीच भिजली की लोण्यासारखी होते. भेगांमधून पाणी थेट खाली उतरलं आणि चार बोटांच्या फटीखालची जमीन मऊ झाली.

पहाटे 4.00

कोंबड्यानं बांग दिली. आत्या त्या बांगेला उठून चुलीपुढं बसतात. त्यांनी ती ऐकली. साडेचारची बांग त्यांनी ऐकली नाही. वेळ ठरवायला माझ्याकडं एवढाच पुरावा आहे.

पहाटे 4.00 ते 4.30

वीट बाजूला ढकललेली होती. उंदराचं बीळ त्याला आयतंच मिळालं. तेच रुंद करायचं होतं. पुढच्या पायांनी ओढलेली माती मागं पंख्यासारखी पसरलेली. भोक जेमतेम वीतभर उंच, दीड वीत रुंद. आठ-दहा किलोच्या कोल्ह्याला एवढं पुरतं. मऊ मातीत ते काम काही मिनिटांचं.

आत शिरल्यावर जे झालं त्याला लोक क्रूरपणा म्हणतात. मीही त्या सकाळी म्हटलं. एकाची भूक असताना सतरा का मारायच्या? हान्स क्रुक या प्राणिशास्त्रज्ञानं 1972 मध्ये याच प्रश्नावर लिहिलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळ्याकुट्ट रात्री खोकडं कुरवांच्या वसाहतीत शिरून ढिगानं पक्षी मारून टाकत आणि बहुतेक तसेच सोडून जात, कारण अशा अंधारात ते पक्षी जागचे उडतच नव्हते. शिकाऱ्याचं पोट भरलं की शोध थांबतो. पण समोर हलणारं, न पळणारं भक्ष्य असेल तर झडप थांबत नाही. मोकळ्या रानात एक पकडली की बाकीच्या उडून जातात, आणि तिथंच त्याचा हात थांबतो. माझ्या खुराड्यात पळायला जागा नव्हती. ज्या जाळीनं जनावराला अडवलं नाही तिनं कोंबड्यांना मात्र अडवून ठेवलं.

मोटर चालू होती. दारं-खिडक्या थंडीसाठी गच्च लावलेल्या. कोणालाच काही ऐकू आलं नाही.

पहाटे 5.30

आत्यांनी मला हलवलं. "ऊठ गं. कोंबडा का बोलंना?"

सकाळी 6.10

लाइट गेली, मोटर थांबली, नवरा बांधावरून येताना दिसला. आम्ही तिघं एकदमच खुराड्याशी पोचलो. कवाड लावलेलं होतं. खिट्टी जशी मी सरकवली तशीच. नवऱ्यानं आधी तिच्यावरच बॅटरी मारली आणि म्हणाला, "कवाड तर लावलंय."

मग बॅटरी आत गेली.

सकाळी 7.05

दिवस उगवला तेव्हा मोजून झालं होतं. आत 17 मेलेल्या, बहुतेकींच्या मानेवर एकच चावा. दोन नेलेल्या, त्यांची पिसं ज्वारीच्या तिसऱ्या ओळीपर्यंत. नऊ जिवंत. त्यातल्या पाच अंड्यांच्या पेटीत एकमेकींवर चढून बसलेल्या, चार वरच्या दांडीच्या टोकाला चिकटलेल्या, डोळे उघडे, जरासुद्धा न हलणाऱ्या. तिन्ही कोंबडे गेले. त्यांतला मोठा कोंबडा भोकाच्या अगदी तोंडाशी पडला होता. त्याच्या नखांत राखाडी केस होते.

बांडी मेलेल्यांत होती. चार दिवसांपूर्वी तिनं पहिलं अंडं घातलं होतं.

सकाळी 9.30

शेजारच्या वस्तीवरचे तात्या आले. मेंढरं राखण्यात त्यांची हयात गेली आहे. ठसे पाहून म्हणाले, "नखं उमटल्यात. मांजराची नखं चालताना आत असत्यात. कुत्र्याचा पाय ह्याच्यापेक्षा पसरट. कोल्हंच हाय, सूनबाई." मग भोकापाशी उकिडवे बसून बराच वेळ त्यांनी माती चिमटीत चोळली.

वाटेनं जाणाऱ्या एकानं मेलेल्या कोंबडीत औषध घालून ज्वारीत टाकायचं सुचवलं. तात्यांनीच त्याला गप्प केलं. कोल्हा, खोकड, रानमांजर, मुंगूस यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, हे एक. दुसरं, विष टाकलं की ते घारीला लागतं, वस्तीवरच्या कुत्र्याला लागतं. आणि या ज्वारीतले उंदीर मग कोण खाणार? सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे. तिथल्या गवताळ माळावर लांडगा आणि खोकड अजून दिसतात. ही सगळी जनावरं आपल्या आधीपासून इथं आहेत. माझा राग त्या सकाळी खरा होता, पण तो कोल्ह्यावर काढायचा नव्हता.

सतराही कोंबड्या आम्ही बांधापलीकडं कंबरभर खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. ओढ्यात फेकल्या असत्या तर दुसऱ्या रात्री ओढ्याकाठची सगळी जनावरं वासानं आली असती. जखमा दिसत होत्या म्हणून कारण स्पष्ट होतं. अंगावर जखम नसताना इतकी पाखरं एका रात्रीत मेली तर मात्र हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, त्या वर्षापासून हे नवीन माणसालाही माहीत हवं.

जाताना तात्या म्हणाले, "तुमी पांढरीवरचं घर काळीत आणून ठिवलं."

गावं पांढरीवर वसली आणि पिकं काळीत घेतली. जुन्या लोकांनी हे फार विचारानं केलेलं आहे. पांढरीच्या मातीची भिंत घट्ट उभी राहते, वर माळवद पेलते. आत्यांच्या गावातल्या जुन्या घरात खुराडं वेगळं नव्हतंच. ओट्याच्या दगडी जोत्यात एक कोनाडा, तोंडाला दगडी फरशी, तिच्यापुढं रात्री आत्यांच्या सासऱ्यांची बाज. तळाला दगड, तीन बाजूंना दगड, चौथ्या बाजूला माणूस. आम्ही घर बांधलं ते भर काळीत. स्वतःच्या घरासाठी मुरुमापर्यंत पाया खणला, कारण काळी भिंत धरत नाही हे मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कोंबड्यांच्या घराला तीच माती आहे, हे आमच्यापैकी कोणाच्या तोंडून निघालं नाही. फक्त आत्यांनी विचारलं होतं, ह्येला बूड कुठं हाय.

त्यानंतर

नऊ जणी महिनाभर स्वयंपाकघरात डालग्याखाली झोपल्या. त्या अवधीत आम्ही नवं खुराडं बांधलं. या वेळी सुरुवात तळातून केली. आठ फूट बाय सहा फूट जागा दोन फूट खणून काळी माती पूर्ण काढली, मुरूम भरून पाणी मारून चोपला, त्यावर दगडी जोतं दीड फूट उंच, वर काँक्रीटचा थर. एका पाखराला रात्रीसाठी दीड चौरस फूट धरलं तर तीस-बत्तीस पाखरं सुखानं मावतात. घाण मातीत जिरण्याची सोय गेली. आता काँक्रीटवर भुसा घालते आणि तो आठवड्याला बदलते. तो शेतात खत म्हणून जातो.

तीन फुटांपर्यंत विटेची भिंत. आतली दांडी याच उंचीच्या आत ठेवली, म्हणजे दांडीवरच्या कोंबडीसमोर वीट येते, जाळी येत नाही. भिंतीच्या वर वेल्डमेश, कारण सोलापूरच्या वैशाखात चारी बाजूंनी बंद खुराडं म्हणजे भट्टी. सुरक्षिततेपायी वारा कोंडला तर कोल्ह्यानं मारायच्या त्या उन्हानं मरतील. लांब बाजू पूर्व-पश्चिम धरली, ऊन आडवं आत येत नाही, आणि पत्रा तीन फूट बाहेर काढला. जाळी बाहेरून लावून तिच्यावर लोखंडी पट्टी नटबोल्टनं आवळली. आतून खिळ्यांनी ठोकलेली जाळी बाहेरून नेट लावला की उपटते. जोत्याभोवती दोन फूट रुंद जाळी जमिनीत आडवी पुरली. जनावर नेहमी भिंतीला लागून उकरायला घेतं, तिथं जाळी लागली की ते मागं सरून उकरायचा विचार करत नाही.

कवाडाला वर एक आणि खाली एक कडी-कोयंडा, प्रत्येकात पिन. पाट वळवून दूर नेला. ज्वारीच्या जवळच्या ओळी खुरप्यानं काढून टाकल्या, आता खुराड्याभोवती वीस फूट उघडं रान आहे. दाणा सकाळी, तोही बाहेर. रात्रपाळीला कुत्रा घरी राहतो.

या सगळ्याला पहिल्या खुराड्याच्या अडीचपट पैसे लागले. पहिल्यांदाच हे केलं असतं तर एवढेच लागले असते आणि 19 पाखरं हयात असती.

फाल्गुनात ज्वारी निघाली, रान मोकळं झालं आणि लांबून ओढा दिसू लागला. खुराडं तयार झालं त्या संध्याकाळी मी नऊ जणींना आत सोडायला निघाले. आत्यांनी मला थांबवलं. चष्मा लावला, पदर खोचला आणि खाली बसल्या. जोत्याच्या कडेनं त्या सरकत निघाल्या. प्रत्येक सांध्यात दोन बोटं घालून पाहत होत्या. मागच्या बाजूला त्यांना पाच मिनिटं लागली. एका ठिकाणी बोट आत गेलं. त्यांनी तिथं खडूनं फुली मारली आणि पुढं सरकल्या.

"मिस्त्रीला उद्या बोलीव," त्या म्हणाल्या. "आजची रात कोंबड्या घरात ऱ्हाऊ देत."

मी डालगं परत आत नेलं.